मुकं रीळ

नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं हेमलता स्वतःला बजावते आणि उशीवर डोकं ठेवते. दुपारी ताणून देणाऱ्या बायकांविषयी तिचं मत काही फारसं बरं नाही. उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेलेली, घड्याळाच्या काट्याला बांधून घेतलेली ही बाई. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सकाळी सातच्या ठोक्याला तिचा घसा आपोआप खाकरतो. पण काल डोळ्याला डोळा लागला नाही, आज भाकरीचा तुकडा घशाखाली उतरला नाही, आणि सहा वाजता टॉकीजच्या भरलेल्या खुर्च्यांसमोर उभं राहून तिला मेलेल्या आईच्या वतीनं बोलायचं आहे. अशा दिवशी पाठ तरी नीट कुठे टेकते म्हणा.

प्रकरण असं आहे. कोल्हापुरात जुन्या बोलपटांचा महोत्सव भरला आहे आणि समारोपाला 'सांडलं माप' दाखवणार आहेत. हेमलताच्या आईनं, शालनबाई इंगवल्यांनी, नायिका म्हणून केलेला हा एकुलता एक सिनेमा. त्यानंतर त्यांनी स्टुडिओचं तोंड पाहिलं नाही. का, ते गावात कुणाला कळलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. सिनेमाची एकच प्रत कुठल्याशा गोदामात मिळाली. ती पुण्याच्या ओगलेसरांनी लेकरासारखी न्हाऊमाखू घालून पुन्हा उभी केली. सगळी रिळं बोलू लागली, शेवटचं तेवढं मुकं राहिलं. चित्र शाबूत, पण कडेची आवाजाची पट्टी बुरशीनं खाल्लेली.

"ताई, तुमचा आवाज अगदी शालनबाईंचा आहे," ओगलेसर म्हणाले होते. "शेवटच्या रिळात फक्त त्याच बोलतात. तुम्ही माईकवर उभ्या राहा. पडद्यावर त्यांचे ओठ हलतील, बोलाल तुम्ही."

तेव्हा हेमलता हो म्हणून बसली. आता पस्तावते आहे.

कारण संवाद सगळे जमले, एक सोडून. कोल्हापूरच्या म्हाताऱ्यांना तो सिनेमा तोंडपाठ. त्यांच्याकडून एकेक वाक्य मिळवलं. अडलं ते अगदी शेवटच्या शब्दाशी. सिनेमात शालनबाई सवतीच्या पोराला पोटच्यासारखं वाढवतात. त्याचं लग्न होतं, नवी सून उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत येते, घर पाहुण्यांनी भरतं, आणि त्या गडबडीत ही आई कुणाला न सांगता बाहेर पडते. सांडलेल्या तांदळावर पाय पडू नये म्हणून लुगडं सावरत उंबरा ओलांडते, वळते, एकच शब्द बोलते, आणि सिनेमा संपतो. तो शब्द कोणता?

निम्मं गाव म्हणतं, "येते." निम्मं गाव शपथेवर सांगतं, "जाते." चहाच्या गाड्यावर यावरून दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. आता आपल्यात घराबाहेर पडताना "जाते" कुणी म्हणत नाही, कायमचं निघालेलं माणूससुद्धा "येते"च म्हणतं; म्हणून तर भांडण. "येते" म्हटलं तर ती बाई रीतीनं निघाली. "जाते" म्हटलं तर काळजात सुरी. एका शब्दावर अख्खा सिनेमा पालटतो.

काल तालमीत हेमलतानं दोन्ही म्हणून पाहिलं. दोन्ही बसत नाहीत. वळताना आईचं तोंड चौकटीआड जातं, शब्दाचं पहिलं अक्षर दिसतच नाही. दुसरं दिसतं, पण तिथे ओठ फाकत नाहीत. ओठांचा चंबू होतो. "ते" म्हणताना कुणाचा चंबू होतो का? ओगलेसरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि फिल्म आकसली असेल म्हणाले. हेमलता पडद्यालगत जाऊन उभी राहिली.

तो चंबू तिनं आधी पाहिला होता. आईचा आवाज शेवटच्या आजारपणात साफ गेला. दवाखान्यातल्या त्या दुपारी आईनं तिच्याकडे बघून ओठ हलवले. लहानसाच शब्द. शेवटी ओठ असेच गोल झाले. "काय आई? पाणी? उशी वर करू?" हेमलता कान तोंडाशी नेऊन विचारत राहिली. वाऱ्याइतकाही आवाज आला नाही. लोकांना देशोदेशीच्या बातम्या सांगणारी बाई, आणि स्वतःच्या आईचा शेवटचा शब्द तिला कळला नाही. तो घास अजून तिच्या घशात अडकलेला आहे. आणि आज ते ओठ पुन्हा हलणार, भिंतीएवढे मोठे होऊन, सगळ्या गावासमोर.

ती कूस बदलते. वर पंखा खर्र खर्र करतो आहे. त्याला तेल द्यायला हवं, असं ती कधीपासून म्हणते. खर्र खर्र, खर्र खर्र. पंखा काही इतक्या जोरात फिरत नाही. हे तर मागच्या भिंतीतलं यंत्र आहे, त्याच्या भोकातून उजेडाचा झोत निघाला आहे आणि झोतात धूळ तरंगते आहे. उशी कुठे गेली? डोक्यामागे खुर्चीची लाकडी पाठ आहे. टॉकीज. बायकांचा सज्जा.

शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली आहे.

नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर गजरा. पण कुंकू करडं, गजरा करडा, हातसुद्धा करडे. पडद्यावरून उठून थेट इथे येऊन बसल्यासारखी.

"बाळ, आलीस तू," आई म्हणते. "मी केव्हाची तुझी वाट पाहत होते."

हेमलताच्या अंगावर काटा येतो. आई मेलेली आहे हे तिला ठाऊक आहे, त्याची भीती नाही वाटत. भीती वाटते ती त्या बोलण्याची. तिच्या आईनं जन्मात तिला "बाळ" म्हटलेलं नाही. "हेमे" म्हणायची, रागावली की "भवाने". ही नायिका बोलते आहे.

"आई, सहा वाजत आले. तो शेवटचा शब्द सांग."

"कोणता शब्द, बाळ?"

"उंबऱ्यावरचा. तुझ्या सिनेमातला."

"आवाज!" खालून कुणीतरी ओरडतं. मग दुसरा. "ओ, आवाज! आवाज!" सिनेमातला आवाज गेला की कोल्हापूरचं पब्लिक ओरडायचं तसंच. हेमलता कठड्यावरून वाकून बघते. पडदा कोरा पांढरा आहे. खालच्या साऱ्या खुर्च्यांमधली डोकी वळलेली आहेत आणि तिच्याकडे बघताहेत. तिच्या हातात माईक आहे. कुणी दिला कुणास ठाऊक. ती तोंड उघडते. आवाज येत नाही. घसा खाकरते. खाकरण्याचाही आवाज येत नाही.

'झालं,' तिच्या मनात येतं. 'आईचं ते मला आलं.' सकाळपासून घसा धरल्यासारखा होता, तो उगाच नव्हता.

"चल," आई म्हणते आणि उठते. ती जिना उतरायला लागते, हेमलता मागोमाग. आईची चाल आयुष्यभर तुरुतुरु होती. बाजारात कुणाला तिच्याबरोबर चालता यायचं नाही. हेमलता पायऱ्या उतरते आहे आणि पायऱ्या संपत नाहीत, मग एकदम सपाट होतात आणि फिनेलचा वास येतो. दोन्ही बाजूंना हिरवे पडदे. पडद्यांमागे कुणी कण्हतं आहे. बॅटरी घेतलेला डोअरकीपर त्या उजेडात खाटांचे नंबर बघत फिरतो आहे.

"आई, इथून नको," हेमलता म्हणते. तिचा आवाज परत आला आहे, पण बारीक, शाळकरी पोरीसारखा. "दुसरीकडून जाऊ."

आई थांबत नाही. एका खाटेशी हेमलताचे पाय आपोआप अडखळतात. खाट रिकामी आहे. उशीवर डोक्याचा खळगा आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बाराला टेकायला आला आहे. तो टेकेना आणि मागेही सरकेना. हेमलताला रडू फुटेल असं वाटतं. हा खळगा कुणाचा ते तिला माहीत आहे, आणि तिथे बसायला तिला वेळ नाही.

"आवाज! आवाज!" पडद्यांमागून ओरडतात.

ती धावत सुटते. पुढे दार दिसतं आहे, झेंडूचं तोरण लावलेलं. तोरणही करडं. दाराला घर नाही. पुढून नुसती चौकट आणि उंबरा, मागून बांबूचे टेके दिलेले. उंबऱ्यावर तांदूळ सांडले आहेत. डोळ्यांवर दिव्यांचा झोत येतो आणि झोताच्या पलीकडे कुणीतरी खुर्चीत बसलेलं आहे. चेहरा दिसत नाही, पण आवाजावरून ओळखू येतात: सिनेमाचे दिग्दर्शक, ज्यांना सगळं युनिट 'मास्तर' म्हणायचं. शुद्ध भाषेचे इतके कडवे की शिवीसुद्धा व्याकरणात द्यायचे, असं आई सांगायची.

"शालनबाई, घ्या," मास्तर म्हणतात.

आई लुगडं सावरते. तांदळावर पाय पडू न देता उंबरा ओलांडते. वळते. ओठ हलतात. दिव्यांच्या सूं आवाजात शब्द बुडून जातो, हेमलताला ऐकू येत नाही. ओठांचा चंबू तेवढा तिला दिसतो.

"कट! बाई, पुरुष आहात का तुम्ही?" मास्तर कडाडतात.

सगळं युनिट फिस्सकन हसतं. आई पदर तोंडाला लावते. ती लाजली आहे की हसते आहे ते कळत नाही.

"पुन्हा घ्या. आणि जे लिहिलंय ते म्हणा. फिल्म काही झाडाला लागत नाही."

आई पुन्हा उंबरा ओलांडते. पुन्हा वळते. पुन्हा चंबू. पुन्हा हशा. हेमलता दिव्यांच्या वायरींतून वाट काढत पुढे जाते आहे, पण जितकी पुढे जावी तितकी ती चौकट मागे सरते. लोक का हसताहेत? पुरुष काय म्हणून? सगळ्या जगाला कळलंय आणि तिला एकटीला कळलेलं नाही, आणि सहाला तीच माईकवर उभी राहणार आहे.

"तोंड फिरवा तुम्ही!" मास्तर शेवटी हात टेकतात. "चौकटीआड फिरवा. दिसू नका. शब्दाचं मी मागाहून बघतो."

आई तोंड फिरवते आणि तशीच चौकटीतून पलीकडे निघून जाते. दिवे विझतात. हेमलता चाचपडत उंबऱ्यापाशी पोचते, तांदूळ पायाखाली येतात, तिच्या मनात चर्र होतं, पण ती ओलांडते.

बांबूच्या टेक्यांमागे त्यांचं स्वयंपाकघर आहे.

मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्या. शेगडी, फळीवरचे डबे, खिडकीत तुळशीऐवजी लावलेला ओवा. आई पाटावर बसली आहे आणि आता तिचं लुगडं जांभळं आहे. बांगड्या हिरव्या आहेत. कुंकू लाल आहे. गजरा काढून तिनं पाण्याच्या तांब्याला गुंडाळून ठेवला आहे.

"हुबी का? बस की, हेमे," आई म्हणते. "च्या टाकतो."

हेमलता मटकन खाली बसते. 'हेमे.' इतका वेळ छातीवर धरून ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं आणि तिला घळाघळा रडू येतं.

"आता गं काय झालं रडाया?"

"मघाशी तू मला बाळ म्हणालीस."

"ते न्हाई मी. ते पडद्यावरचं. तिला आपलं तसलंच बोलाय येतं." आई आधण ठेवते. "लई वाळलीस. जेवत न्हाईस?"

"आई, सहाला मला तुझा शब्द म्हणायचा आहे. तू काय म्हणालीस उंबऱ्यावर? येते की जाते?"

"दोन्ही न्हाई."

"मग?"

आई चहाची पावडर चिमटीत धरून थांबते. तिला हसू फुटतं. ती मास्तरांसारखा हात उगारते. "मास्तरानं लिवलं हुतं 'जाते'. म्हटलं, मास्तर, उंबऱ्यावर असलं अभद्र बोलत न्हाईत, माझी जीभ वळंना. तर म्हणाले, बाई, तीच तर कला आहे. बरं म्हटलं, म्हणतो. हुबी राहिलो, वळलो, तांदूळ बगितलं, मागं ते पोरगं दिसलं नवरीसंगं. आन् तोंडातनं निघालं 'येतो'."

"येतो?"

"घरात म्हणतो तसं. तुला सांगून भाजीला जातो तसं. 'येतो गं.'"

हेमलता आईच्या तोंडाकडे बघत राहते. येतो. ओठ गोल. मी आलो, मी गेलो, मी येतो. कोल्हापूरच्या बाया अशाच बोलतात. पेठेतल्या सगळ्या बोलतात, तीही बोलायची. रेडिओवर लागली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिच्या तोंडून "मी आलो" गेलं. त्या हशानंतर तिनं ती बोली जिभेवरून अशी खरवडून काढली, की पडद्यावर आईच्या ओठांवर समोरासमोर दिसली तरी तिला ओळखू आली नाही. ओगलेसरांना नाही ओळखू आली, ते बिचारे पुण्याचे. हिला काय झालं होतं?

"म्हणून पुरुष आहात का म्हणाले," ती म्हणते.

"व्हय. सारी खिदळली. चारदा घेतलं, पाचदा घेतलं, दर बारीला 'येतो'. जिभेला हाडच न्हाई तर काय करू मी?"

हेमलता रडता रडता हसते. चहाला उकळी येते आहे. दूर कुठेतरी लोक ओरडताहेत, पण इथे ते भिंतीपलीकडच्या लग्नासारखं वाटतं.

"मग निम्मं गाव 'जाते' कसं म्हणतं?"

आईचं हसू ओसरतं. ती शेगडीची धग कमी करते, उगाचच पदराचं टोक पिळते.

"त्या एका शब्दासाठी मास्तरानं मला मागनं परत बोलावलं. अंधारी खोली, समोर माईक. दाराशी हुबा राहिला आन् म्हणाला, म्हटल्याबिगर बाहेर सोडत न्हाई. मी म्हटलो. 'जाते.' चांगलं सुद्द म्हटलो. त्येनी तेच जोडलं." ती चहा ढवळते. "बगणाऱ्यानं 'येतो' बगितलं, ऐकणाऱ्यानं 'जाते' ऐकलं. भांडतील न्हाईतर काय करतील?"

"म्हणून तू परत गेली नाहीस स्टुडिओत?"

"'जाते' म्हटलं न्हवं मी. मग गेलोच. येतो म्हटलं असतं तर परत गेलो असतो." आई पदरानं नाक पुसते. "माझं तोंड खरं बोलत हुतं, हेमे. आवाज खोटा बोलला. आता त्यो आवाज बुरशीनं खाल्ला. बरं झालं. देवाला काळजी."

दाराबाहेर पावलं वाजतात. "ताई!" ओगलेसरांचा आवाज. "ताई, सहा!"

हेमलताचं काळीज लक्कन हलतं. एवढ्यात? ती आईचा हात धरते. हात ऊबदार आहे, पीठ मळल्यावर असतो तसा. अजून एक विचारायचं आहे आणि ते विचारायचं धाडस होत नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी ते घेऊन जगावं लागेल.

"आई. दवाखान्यात," ती म्हणते. "शेवटी तू काहीतरी म्हणालीस. मला कळलं नाही गं. मी पाणी पाणी करत राहिले."

आई फळीवरचा पितळी डबा काढते. त्यात तिचं ज्येष्ठमध असायचं. सिनेमा सुटला तरी काडी चघळायची सवय सुटली नव्हती, आणि आवाज गेल्यावरसुद्धा, येईल परत म्हणून, ती चघळत राहिली. ती एक काडी कडकन मोडते. अर्धी आपल्या गालात ठेवते, अर्धी हेमलताच्या तोंडाशी धरते.

"चांगली चाव. नुसती चोखू नको. घसा सुटतो."

हेमलता तोंड उघडते. काडी कडक, लाकडासारखी. मग हळूहळू गोड.

"दिसलं न्हाई व्हय तुला तवा?" आई म्हणते. "एवढी तुझ्या म्होरंच तोंड करून बोललो. चौकट न्हाई, काय न्हाई मधी."

ती ओठ गोल करून दाखवते. आवाज न करता.

हेमलताच्या तोंडात काडी आहे, तिला बोलता येत नाही. ती नुसती मान हलवते. दिसलं. दिसलं गं. आता दिसलं.

"मग? म्हटल्यापरमाणं आलो का न्हाई?"

"ताई!" दार वाजतं आहे. चहा उतू जातो आहे. आई उठते, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवते. हेमलता तिचा पदर धरायला जाते, आणि पदर हातात येतो तो ओला, जड, नुकताच धुतलेला. "थांब ना, अजून सहा नाही झाले," असं तिला म्हणायचं आहे, पण तोंड गोड लाळेनं भरलेलं आहे. आई तिच्या तुरुतुरु चालीनं दारापाशी पोचली आहे. उंबरा ओलांडते. वळते. अर्धं तोंड चौकटीआड जातं.

बेल वाजते.

बेल पुन्हा वाजते. वर पंखा खर्र खर्र करतो आहे. हेमलता डोळे उघडून पडून राहते. हातात चादरीचं टोक घट्ट धरलेलं आहे. खिडकीतलं ऊन कपाटापर्यंत सरकलं आहे. साडेपाच. झोपायचं नाही म्हणून पडलेली बाई दोन तास घोरत होती.

"ताई, मी ओगले! गाडी आणली आहे."

तिला उठून बसायला हवं. पण जिभेला काहीतरी टोचतं आहे. दाढेच्या फटीत काहीतरी अडकलं आहे. ती नखानं ओढते. निघत नाही. चिमटीत धरून पुन्हा ओढते आणि बोटभर लांब, पिवळसर, चावून चावून मऊ झालेला एक धागा बाहेर येतो. ती तो उजेडात धरते. वास घेते. जिभेच्या टोकानं चाखून बघते.

आज तर तिनं भाकरीचा तुकडाही खाल्लेला नाही. घरात ज्येष्ठमध नाही. आईच्या दहाव्यानंतर तो पितळी डबा तिनं स्वतः घासून, पालथा घालून माळ्यावर टाकला. त्याला हात लावायचीही तिला इतकी वर्षं हिंमत झाली नव्हती.

बेल तिसऱ्यांदा वाजते.

"थांबा, आलो!" हेमलता आतून ओरडते.

तोंडावर पाणी मारून, केसांवरून फणी फिरवून ती दार उघडते तेव्हा ओगलेसर जरा बावरून उभे आहेत. आत कुणी बाप्या आहे की काय म्हणून ते तिच्या खांद्यावरून डोकावतात.

"बरं नाही का, ताई? आवाज वेगळा वाटला."

"बरी आहे."

"मग काय ठरवलंत? येते की जाते? लोक आत्तापासून पैजा लावून बसलेत."

हेमलता चपला घालते, किल्ली घेते. सगळं गाव हसेल कदाचित. हसू दे. तो धागा तिनं टाकलेला नाही, परत दाताखाली धरला आहे.

उंबऱ्याबाहेर पाय टाकून ती थांबते. मागे वळते. घर रिकामं आहे, पंखा बंद करायचा राहिला आहे.

"येतो गं," ती म्हणते.

ओगलेसर तिच्या ओठांकडे बघतच राहतात.